तळघर नसलेली द्राक्षनगरी

नाशिकला 'भारताची वाइन राजधानी' म्हणण्याची रीत आता चांगलीच रूढ झाली आहे. मुंबई-आग्रा रस्त्याने येणारा पाहुणा पूर्वी काळा राम, तपोवन, पांडवलेणी विचारीत असे. आता तो गंगापूर धरणाचा रस्ता विचारतो. याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार निराळी आहे. ज्या शहरात पाव शतकाहून अधिक काळ वाइन तयार होते, त्या शहरात इथल्याच मातीतली, दहा वर्षे नीट सांभाळून ठेवलेली तांबडी वाइन चाखायची म्हटली तर कोठे जावे, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही. राजधानी आहे म्हणतात; मग तिचा खजिना कोठे आहे?

फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. शाळामास्तराने तर या वाटेला जाऊच नये, असेही म्हणतील. त्यांना माझे सांगणे एवढेच की, मी पिण्याचा प्रचार करायला बसलेलो नाही. ज्याला घ्यायची नाही त्याने घेऊ नये. ज्याच्या घरी बाटलीने संसार मोडला असेल त्याने तर तिचे नावही काढू नये. पण दिंडोरी-निफाडकडची असंख्य घरे ज्या पिकावर उभी आहेत, त्या पिकाचे आपण काय करतो हा घरात बसून बोलण्याचाच विषय आहे. शिवाय दिवाळीची भेट म्हणून आलेल्या सुक्या मेव्याच्या पेटीत एक तांबडी बाटलीही निघाली, अशी घरे नाशकात थोडी नाहीत. ती बाटली आता कोठे ठेवली आहे हे ज्याने त्याने उठून पाहावे. बहुधा फ्रिजच्या डोक्यावर उभी असेल, नाहीतर दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात दिव्याखाली शोभेला मांडली असेल. येत्या मे महिन्यापर्यंत तिचे काय होणार ते पुढे सांगतो.

27 जानेवारी 2022 रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाचा गदारोळ आठवावा. एका बाजूने 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे ठणकावून सांगण्यात आले. दुसऱ्या बाजूने संस्कृती बुडाल्याची हाकाटी झाली, उपोषणाचे इशारे निघाले. पुढे तो निर्णय बासनात गेला. मला त्या वेळी दोन्ही पक्षांचा सारखाच राग आला. शंभर भागांत बारा ते चौदा भाग अल्कोहोल असलेल्या पेयाला दारू म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? सरबत? शेतकऱ्याच्या हिताचे काम करायला असले खोटे बोलण्याची गरज नव्हती. आणि संस्कृतिरक्षकांचे म्हणावे, तर गावोगावच्या देशी दारूच्या दुकानापुढून ते रोज मान खाली घालून जातात, आणि त्यांना कंठ फुटतो तो वाइनच्या बाटलीपुढे. या सगळ्या वादात, आमच्या जिल्ह्यात होणारी ही वस्तू चांगली आहे की वाईट, टिकाऊ आहे की नासकी, हा प्रश्न एकाही माणसाने विचारला नाही. विकावी की विकू नये एवढेच भांडण. ती आधी नीट करावी कशी, हे कोणाच्या डोक्यातही आले नाही.

आता 'मुरणे' हा आपला शब्द घ्या. मराठी घराला तो शिकवावा लागत नाही. कैरीचे लोणचे घातले की दुसऱ्या दिवशी कोणी बरणी उघडू लागले तर आजी हातावर चापट मारते. जुना तांदूळ नव्यापेक्षा महाग असतो आणि त्याचा भात मोकळा होतो. तूप, गूळ, मध हे जुने झाले की गुणाला चढतात असे वैद्य सांगत आले आहेत. द्राक्षासव तर पुष्कळ घरांत मुलांनी चमच्याने घेतलेले आहे. ते आपोआप आंबून तयार होते आणि त्यात थोडे अल्कोहोल असते, हे आपण सोयीने विसरतो. आसवाचे भांडे तोंड बंद करून धान्याच्या राशीत पुरून ठेवण्याची पद्धत जुन्या वैद्यकात आहे. धान्याची रास कशासाठी? उष्णता कमी-जास्त होऊ नये म्हणून. तळघराचे सगळे तत्त्व या एका युक्तीत आले.

तांबड्या वाइनचे मुरणे याहून फार निराळे नाही. द्राक्षाची साल आणि बी यांतून तिला रंग येतो आणि तुरटपणा येतो. नवी असताना हा तुरटपणा कच्च्या सुपारीसारखा जिभेला धरतो. बाटलीत वर्षे गेली की तुरट द्रव्याचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी साका बसतो. रंग जांभळ्यावरून माणकासारखा आणि पुढे विटकरी होतो. ताज्या फळाचा वास जाऊन सुक्या फळाचा, चामड्याचा, पावसात भिजलेल्या मातीचा वास येऊ लागतो. मात्र हे घडायला बाटली अंधारात आडवी ठेवावी लागते, म्हणजे बूच ओले राहते आणि वारा आत जात नाही. जागा बारा-चौदा अंशांची लागते, आणि मुख्य म्हणजे ती वर्षभर तेवढीच राहावी लागते. फ्रिजच्या डोक्यावर उभ्या ठेवलेल्या बाटलीला आमचा चाळीस अंशांचा मे एकदा लागला की तिची वाट लागते. बूच सुकते, आतली वाइन शिजल्यासारखी होते. मग चार वर्षांनी लग्नाच्या वाढदिवसाला मोठ्या हौसेने बाटली उघडायची, तोंड वाकडे करायचे आणि 'जुनी वाइन चांगली असते हे सगळे थोतांड आहे' असा निकाल द्यायचा! लोणच्याची बरणी वर्षभर उन्हात उघडी ठेवून आजीच्या हाताला नावे ठेवण्यातला हा प्रकार आहे.

हेही सांगितले पाहिजे की सगळ्याच वाइन मुरण्यासाठी नसतात. जगात होणाऱ्या बहुतेक बाटल्या वर्षा-दोन वर्षांत संपवायच्याच असतात. पांढऱ्या, गुलाबी वाइनचे तर बहुतेक तसेच. त्यात वाईट काही नाही. रोजची भाकरी मुरवत ठेवायची नसते. पण ज्या प्रदेशाला नाव मिळवायचे आहे त्याला निदान एक तरी बाटली अशी काढावी लागते, जी काळापुढे उभी राहील.

असे नाव मिळवलेल्या एका देशाची गोष्ट सांगतो. मुद्दाम फ्रान्सची सांगत नाही. फ्रान्सचे नाव काढले की आपले लोक 'त्यांची हवाच निराळी' म्हणून हात झटकून मोकळे होतात. मी लेबनॉनची सांगतो. हा देश आकाराने आपल्या नाशिक जिल्ह्याहूनही लहान आहे. दोन डोंगररांगांच्या मध्ये बेका नावाचे खोरे आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंच. तेथल्या बालबेकला रोमन लोकांनी बांधलेले मद्यदेवाचे देऊळ आजही उभे आहे. याच खोऱ्यात क्सारा येथे जेझुइट पाद्र्यांनी 1857 साली वाइन करायला सुरुवात केली. रोमन काळातल्या भुयारांत ती ठेवली जाते. 1930 साली गास्तों होशार यांनी 'शातो म्युझार' काढले. द्राक्षे बेका खोऱ्यातली आणि तळघर डोंगराच्या पलीकडे, बैरुतच्या उत्तरेस गझीर गावात.

पुढे 1975 पासून 1990 पर्यंत त्या देशात यादवी माजली. गास्तों यांचे चिरंजीव सर्ज होशार तेव्हा वाइन करीत होते. द्राक्षमळे आणि तळघर यांच्या मध्ये लढाईची आघाडी! 1976 साली वाइन झालीच नाही. 1984 साली द्राक्षांच्या मालमोटारी तोफांमुळे अडकून, आडवाटेने फिरून अशा उशिरा पोचल्या की द्राक्षे वाटेतच आंबू लागली होती. तरीही या माणसाने आपली रीत मोडली नाही. ती रीत अशी: कॅबर्ने सोव्हिन्याँ, कॅरिन्याँ, सँसो या तीन जातींची वाइन वेगवेगळी आंबवायची, वर्षभर ओकच्या पिंपांत ठेवायची, मग एकत्र करायची, तिसऱ्या वर्षी बाटलीत भरायची आणि नंतर आणखी चार वर्षे तळघरात ठेवायची. तोडणीपासून सातव्या वर्षी बाटली बाजारात. लढाई चालू आहे, पैशाची निकड आहे, उद्या तळघर राहील की नाही ठाऊक नाही, आणि तरी सात वर्षे थांबायचे! आणि आमच्याकडे? ना तोफ, ना बाँब. तरीही जानेवारीत तोडलेल्या द्राक्षाची बाटली दिवाळीच्या भेटीत हजर.

माझा एक जुना विद्यार्थी आखातात नोकरीला आहे. त्याने एकदा येताना म्युझारची तांबडी बाटली आणली. त्या वेळी ती अठरा वर्षांची होती. आम्ही ती दोन दिवस उभी ठेवली, साका तळाशी बसू दिला आणि दिव्यापुढे धरून हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतली. रंग जुन्या कौलासारखा. पहिला वास किंचित आंबूस आला आणि मी मनात म्हटले, गेली ही. पण तासाभराने त्याच पेल्यात सुके अंजीर, चिंचेचा कोळ, लाकडी देव्हाऱ्यासारखा काहीतरी जुना वास असे एकामागून एक येत गेले. तुरटपणा होता, पण जीभ धरणारा नव्हता. चौघांत मिळून एक बाटली दोन तास पुरली. मला सांगायचे आहे ते हे की, जी वाइन घाईने पिता येत नाही ती माणसाला कमी पाजते. हा मुद्दा संस्कृतिरक्षकांनी जरा ध्यानात घ्यावा.

गंमत अशी की, त्या बाजूची वाइन आपल्याकडे काही पहिल्यांदा आलेली नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले 'पेरिप्लस' नावाचे एक ग्रीक व्यापारी वाटाड्यांचे पुस्तक आहे. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत त्यात इटलीची, अरबस्तानची आणि लाओदिकेयाची वाइन नोंदलेली आहे. लाओदिकेया म्हणजे आजच्या सीरियातले लताकिया, लेबनॉनच्या अगदी शेजारचे. पैठण आणि तेर या आपल्या बाजारपेठांचे नावही त्याच पुस्तकात भडोचच्या व्यापारात येते. नेवाशाच्या उत्खननात तशा परदेशी मद्यकुंभांचे तुकडे निघाले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी गोदाकाठचा माणूस महिनोन् महिने समुद्रावर हेलकावे खाऊन आलेली वाइन विकत घेत होता.

मग आमचे अडते कोठे? एक अडचण खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बेकात हिवाळ्यात बर्फ पडते, वेल झोपी जातो आणि वसंतात उठतो. आमचा वेल कधी झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून त्याला काडी धरायला लावायचे, पावसाळ्यानंतर गोडी छाटणी करून घड काढायचे, आणि जानेवारी अखेरीपासून मार्चपर्यंत तोडायचे. तोडणीच्या वेळी ऊन चढत असते. साखर झपाट्याने भरते, आंबटपणा झपाट्याने उतरतो. आणि आंबटपणा उतरलेली वाइन फार दिवस टिकत नाही. त्यात आमची उंची बेकाच्या निम्म्याहून थोडी अधिक. हे सगळे कबूल. पण याला उपाय नाहीत असे नाही. डोंगरउतारावरची जागा निवडावी, वेलीवर माल कमी ठेवावा, तोडणी पहाटे करावी. हे उपाय इथल्या काही चांगल्या बागाईतदारांना आणि वाइन करणाऱ्यांना ठाऊक आहेत; काही करतातही. तरीही 'नाशिकची वाइन मुरत नाही' हे वाक्य जो तो बोलतो. मी विचारतो, हे तुम्ही कशावरून ठरवले? किती सालांच्या किती बाटल्या ठेवल्या, कोठे ठेवल्या, कोणी चाखल्या, नोंद कोठे आहे? पेपर तपासल्यावाचून पोराला नापास करणाऱ्या मास्तराला आपण काय म्हणू?

एका द्राक्षमळ्यावर, नाव सांगत नाही, मी चाखण्याच्या टेबलाशी उभा राहून जुनी तांबडी वाइन मागितली. मुलगा नम्र होता. आत जाऊन बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "ही जुनी आहे सर, मागच्या वर्षीची." त्याचा दोष नाही. त्याला ज्यांनी शिकवले त्यांनी मुंबईची शनिवार-रविवारची गर्दी, प्लास्टिकच्या टबात द्राक्षे तुडवण्याचा खेळ आणि फोटो काढण्याची जागा एवढेच वाइनचे शास्त्र शिकवले असणार. पर्यटनाने पोरांना नोकऱ्या दिल्या, हे मी नाकारीत नाही. पण सहल विकून मिळालेले नाव सहलीपुरतेच असते; उद्या दुसरीकडे मोठा पाळणा लागला की गर्दी तिकडे जाईल.

आता या घाईची किंमत कोण देतो ते पाहा. 1980 च्या दशकात पिंपळगाव बसवंतला 'पिंपेन' निघाली, फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन करू लागली, टिकली नाही. त्याच सुमारास नारायणगावला 'इंडेज' निघाली, तिची फेसाळ वाइन 'ओमर खय्याम' नावाने विलायतेत खपू लागली. 2008 च्या मंदीनंतर तीही कर्जात बुडून बंद पडली. मध्यंतरी राजीव सामंत अमेरिकेतून परत आले, गंगापूर धरणाजवळ 'सुला' सुरू केली, 2000 साली पहिली वाइन बाजारात आणली आणि नाशिकचे नाव देशभर नेले. 2001 साली सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणून सवलती दिल्या. मग काय! पाहता पाहता वायनऱ्या निघाल्या, विंचूरला वाइन पार्क झाले, आणि शेतकऱ्यांनी करार करून थॉमसनच्या जागी शिराझ आणि कॅबर्नेच्या काड्या लावल्या. 2008 ते 2010 या काळात माल पडून राहिला, पैसे थकले, आणि ज्यांनी मोठ्या आशेने त्या बागा लावल्या होत्या त्यांच्यातल्या पुष्कळांनी त्या उपटल्या, नाहीतर त्यावर पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची कलमे चढवली. वाइनची द्राक्षे बाजार समितीत विकता येत नाहीत. मणी बारीक, साल जाड, बी मोठी. ती पोरे खात नाहीत आणि बेदाण्यालाही चालत नाहीत. घेणारा फिरला की बागाईतदार संपला.

येथेच माझा खरा वाद आहे. ज्याच्याकडे तळघर नाही त्याला मंदीच्या वर्षी माल फेकावा लागतो. ज्याच्याकडे आहे तो वाईट वर्षी थांबतो. वाइन ही अशी विरळ वस्तू आहे की, ती चांगली केली आणि नीट ठेवली तर थांबल्याने तिची किंमत वाढू शकते. ताज्या द्राक्षाला हे भाग्य नाही. अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात, आणि व्यापारी कधी पैसे बुडवून पसार होईल याचा नेम नाही. अशा जिल्ह्याला थांबू शकणारे पीक हाती आले होते, आणि आपण तेही ताज्या भाजीसारखे विकून टाकले!

कोणी म्हणेल, थांबायला भांडवल लागते. सात वर्षे पैसा अडकवून बसायला नाशिकचा बागाईतदार काय होशारांच्या घरचा आहे? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर आपल्याच राज्यात आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. गोदामात माल ठेवायचा, त्यावर कर्ज उचलायचे आणि भाव आला की विकायचे. या योजनेत बेदाणाही आहे. सांगली-तासगावकडचा बेदाणा शीतगृहात राहू शकतो आणि त्यावर कर्ज मिळू शकते, तर निफाडच्या वाइनवर का मिळू नये? बेदाण्याला महिन्यांची मुदत पुरते, वाइनला वर्षांची लागेल, एवढाच फरक. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकन मिळवून देताना जी धावपळ झाली असेल तिच्या निम्मी तरी या कामी करावी.

आणि नाशकात एक सार्वजनिक तळघर बांधावे. गोदाकाठच्या वाड्यांतली जुनी तळघरे चालणार नाहीत, त्यांत पुराचे पाणी शिरते. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला काळ्या पाषाणात एक साधे भुयार खोदावे. पांडवलेण्यात भर उन्हाळ्यात शिरून पाहिलेल्या माणसाला आपल्या दगडाचा गारवा सांगावा लागत नाही. विजेचे यंत्र लागेल, पण थोडे. प्रत्येक वायनरीने आपल्या सर्वांत चांगल्या तांबड्या वाइनच्या दोन डझन बाटल्या दर वर्षी तेथे ठेवाव्यात. नोंद मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने ठेवावी, किंवा द्राक्ष बागाईतदार संघाने. मात्र विकणाऱ्याच्या हाती ती वही नसावी. पाचव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षी चार-चार बाटल्या उघडाव्यात आणि निकाल छापावा, चांगला असो की वाईट. आमचा दारूबंदी कायदा 1949 चा. त्यात साध्या नागरिकाला परवाना लागतो आणि घरात किती बाटल्या असाव्यात यालाही मर्यादा आहे. म्हणून हे काम एकट्या शौकिनाच्या कपाटात होणारे नाही, संस्थेनेच करायचे आहे.

बाटल्या उघडण्याच्या दिवशी मांडव, मंत्री, फीत कापणे काही नको. ज्या शेतातली ती द्राक्षे त्या शेतकऱ्याला मात्र बोलवावे आणि पहिला पेला त्याच्यापुढे ठेवावा. आमच्याकडचे पुष्कळ बागाईतदार माळकरी आहेत, ते ओठाला लावणार नाहीत. त्यांनी नुसता वास घ्यावा, आणि वहीत आपला गट नंबर बरोबर लिहिला आहे की नाही एवढे चष्मा लावून पाहावे.